दुसरा आठवडा मागू या

1 ऑगस्ट 2025 रोजी 71वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ‘श्यामची आई’. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा पुरस्कार ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी आशिष बेंडे यांना. सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ‘नाळ भाग 2’, आणि त्यातल्याच श्रीनिवास पोकळे, त्रिशा ठोसर आणि भार्गव जगताप या तीन मुलांना बालकलाकाराचा पुरस्कार. ऊर भरून यावा अशीच यादी. पण त्या दिवशी माझ्या ओळखीतल्या बहुतेकांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते ‘अरे, हा बघायचा राहूनच गेला’ असं. हे तिन्ही चित्रपट 2023 साली 6 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर या पाच आठवड्यांच्या अंतरात चित्रपटगृहांत आले होते. ज्यांचे राहून गेले ती माणसं सिनेमाबद्दल उदासीन नाहीत. नाटकाला आवर्जून जाणारी, दिवाळी अंक विकत घेणारी, मुलांना मराठीतून गोष्टी सांगणारी माणसं आहेत ही. त्यांनी ‘बघू या’ म्हणेपर्यंत चित्रपट उतरलेला होता.

मराठी प्रेक्षक मराठी चित्रपटाला जात नाही, असं म्हणून आपण हा विषय दरवर्षी मिटवतो. मला ते मान्य नाही. 2023 चा पावसाळा ते दिवाळी हा हंगाम मी मन लावून पाहिला आणि त्या वर्षातली सगळ्यात ठळक गोष्ट माझ्या लेखी पुरस्कारांची नाही, वेळेची आहे. मराठी चित्रपटाला पहिला शुक्रवार मिळतो, दुसरा आठवडा मिळत नाही. आणि मराठी प्रेक्षक जातो तो मुख्यतः दुसऱ्या आठवड्यात.

याचा पुरावा त्याच वर्षात आहे आणि तो एकाच दिग्दर्शकाच्या दोन चित्रपटांत आहे. केदार शिंदे यांचा ‘महाराष्ट्र शाहीर’ 28 एप्रिल 2023 रोजी आला. शाहीर साबळे हे त्यांचे आजोबा. अंकुश चौधरीनं शाहिरांची भूमिका केली, संगीत अजय-अतुल यांचं, ‘बहरला हा मधुमास’ हे गाणं चित्रपट येण्याआधीच घराघरांत आणि मोबाइलच्या पडद्यावर नाचत होतं. शाहिरांच्या आवाजातलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ त्याच वर्षी राज्यगीत झालं. यापेक्षा अनुकूल वातावरण कुठल्या मराठी चित्रपटाला मिळणार? तरीही थिएटरात त्याला हवा तसा जम बसला नाही. त्याच शुक्रवारी ‘पोन्नियिन सेल्वन’चा दुसरा भाग आला होता, भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘टीडीएम’ही त्याच दिवशी आला होता, आणि पुढच्याच शुक्रवारी ‘द केरळ स्टोरी’ आला. नंतर पडदे कुणाकडे गेले हे सगळ्यांनी पाहिलं.

नऊ आठवड्यांनी, 30 जूनला, त्याच शिंदेंचा ‘बाईपण भारी देवा’ आला. ना इतिहास, ना मोठा हिरो. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या कुलकर्णी-मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर आणि दीपा परब या सहा बहिणी आणि एक मंगळागौरीची स्पर्धा. पहिल्या आठवड्यात चित्रपटानं साडेबारा कोटी मिळवले. दुसऱ्या आठवड्यात जवळजवळ दुप्पट, 24 कोटी 85 लाख. हिंदीत मोठ्या नटांच्या चित्रपटांची कमाई दुसऱ्या आठवड्यात निम्म्यावर येणं ही नित्याची गोष्ट, आणि इथं आलेख उलटा चढत गेला. शेवटी आकडा सत्तर कोटींच्या पुढे गेला. जुलैच्या धो धो पावसात, 12 तारखेला नवा ‘मिशन इम्पॉसिबल’ आणि 21 तारखेला ‘ओपनहायमर’ व ‘बार्बी’ समोर उभे असताना हा चित्रपट टिकून राहिला.

त्या दुसऱ्या आठवड्यातल्या एका दुपारच्या शोला मी होतो. नऊवारी नेसून, नथ घालून आलेल्या बायकांचे गट लॉबीत फोटो काढत होते. खरा श्रावण अजून लांब होता, त्यात त्या वर्षी अधिक मास आल्यानं मंगळागौर आणखी पुढे गेली होती, आणि या बायका ती आषाढातच साजरी करायला आल्या होत्या. माझ्या पुढच्या रांगेत एका सोसायटीचा गट होता. त्यातल्या दोघी आदल्या शनिवारी चित्रपट बघून गेल्या होत्या आणि या वेळी सासूला, नणंदेला, शेजारणीला घेऊन आल्या होत्या. पडद्यावर बहिणींचं भांडण सुरू झालं की त्या दोघी बाकीच्यांकडे वळून बघायच्या. आपल्याला जिथं गलबललं तिथं यांनाही गलबलतंय का, हे त्यांना बघायचं होतं. मध्यंतरात एकीनं वडे आणि चहा सगळ्यांना वाटले आणि पर्समधून वही काढून तिकिटांचा हिशेब केला. सगळा बेत ठरायला त्यांना आठ-नऊ दिवस लागले होते. कुणाची सुट्टी, कुणाचा नातू शाळेतून यायची वेळ, कुणाच्या गुडघ्यांमुळे कोपऱ्यातली खुर्ची, हे सगळं जुळवून मग बुकिंग झालं होतं.

मराठी घरात चित्रपट हा असा ठरतो. एकट्यानं उठून शुक्रवारी रात्रीच्या शोला जाणारा तरुण प्रेक्षक आहे, पण तो प्रामुख्यानं हिंदी आणि दक्षिणेच्या भव्य चित्रपटांचा आहे. मराठी चित्रपटाला घर येतं, बहिणी-बहिणी येतात, बाप-लेक येतात, निवृत्त झालेले मित्र येतात. त्यांना आधी कुणीतरी विश्वासातल्या माणसानं सांगावं लागतं की जा, चांगला आहे. ते सांगणं शनिवारी-रविवारी होतं, सोमवार ते गुरुवार घरात चर्चा होते आणि जाणं होतं पुढच्या शनिवारी. आता हा क्रम आणि थिएटरचा क्रम समोरासमोर ठेवून बघा. पुढच्या आठवड्याचे शो ठरतात ते पहिल्या शनिवार-रविवारचे आणि सोमवारचे आकडे बघून. म्हणजे मराठी घर अजून विचार करत असतं, तेवढ्यात तिकडे निकाल लागलेला असतो.

‘बाईपण’ला या कोंडीतून बाहेर पडता आलं, कारण पहिल्या तीन दिवसांतच गर्दी इतकी झाली की शो कमी करायची हिंमत कुणाला झाली नाही. ज्यांना तशी सुरुवात मिळत नाही त्यांचं काय होतं, हे ‘टीडीएम’नं दाखवलं. कऱ्हाडे हे ‘ख्वाडा’ आणि ‘बबन’वाले दिग्दर्शक, ग्रामीण भागात त्यांना मानणारा प्रेक्षक आहे. त्यांच्या चित्रपटाला पुरेसे शो मिळाले नाहीत, मिळाले ते अडनिड्या वेळेचे. प्रेक्षकांसमोर बोलताना नव्या कलाकारांना रडू कोसळलं. अखेर चित्रपट थांबवून 9 जूनला तो पुन्हा प्रदर्शित करावा लागला. दोनदा प्रदर्शन म्हणजे दोनदा खर्च. छोट्या निर्मात्याला तो झेपत नाही.

आता त्या हंगामातल्या चित्रपटांविषयी माझी मतं स्पष्टच मांडतो, कारण ‘शो मिळायला हवे होते’ असं मी म्हणतो ते केवळ भाषेच्या प्रेमापोटी म्हणत नाही. चित्रपट त्या लायकीचे होते.

गणपतीच्या तोंडावर आलेला मकरंद माने यांचा ‘बापल्योक’ मला त्या वर्षातला सगळ्यात प्रामाणिक चित्रपट वाटला. शशांक शेंडे बाप, विठ्ठल काळे मुलगा. लेखनातही विठ्ठल काळेंचा वाटा. लग्नाच्या पत्रिका वाटायला दोघं मोटारसायकलवरून निघतात, एवढीच गोष्ट. गावाकडे बाप आणि वाढलेला मुलगा एकमेकांशी बोलत नाहीत, ते आईमार्फत बोलतात किंवा कामाविषयी बोलतात. या दोघांना गाडीवर पुढं-मागं बसवल्यामुळे ते बोलतात तेही एकमेकांच्या डोळ्यांत न बघता. शशांक शेंडेंच्या पाठीत, मानेत, गमछा झटकण्यात जो अभिनय आहे तो बघायला मोठा पडदाच हवा. चित्रपट मध्ये थोडा रेंगाळतो आणि काही ठिकाणी संगीत आपल्याला रडायला सांगतं, त्याची गरज नव्हती. पण हा असा चित्रपट आहे की तो बघून मुलगा बापाला फोन करतो आणि मग पुढच्या रविवारी बापाला घेऊन येतो. तो पुढचा रविवार येईपर्यंत 7 सप्टेंबरला ‘जवान’ आला होता. ‘जवान’ मोठा होता, लोकांना आवडला, त्याला पडदे मिळणं साहजिकच होतं. पण एखाद्या शहरातल्या पाच-सहा पडद्यांच्या थिएटरात पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत एकच चित्रपट आणि शेजारी ‘बापल्योक’ला एकही धड शो नाही, ही वाटणी मला आजही पटत नाही.

‘आत्मपॅम्फ्लेट’विषयी मला जास्त बोलायचं आहे. आशिष बेंडे यांचा हा पहिला चित्रपट, लेखन परेश मोकाशी यांचं. फेब्रुवारी 2023 मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात, तरुण प्रेक्षकांसाठीच्या विभागात दाखवला गेला आणि 6 ऑक्टोबरला आपल्याकडे आला. 1990 च्या आसपासचा काळ, एक शाळकरी मुलगा, वर्गातल्या मुलीवरचं त्याचं प्रेम, आणि त्या प्रेमाच्या आडून त्याला हळूहळू उमगत जाणारी स्वतःची जात. जातीवरचे मराठी चित्रपट आपण बघितले आहेत, त्यातल्या काहींनी आपल्याला मुळापासून हलवलं आहे. ‘आत्मपॅम्फ्लेट’ दुसऱ्याच वाटेनं जातो. तो सांगतो मिश्कीलपणे, निवेदन धावतं आहे, देशातल्या घडामोडी मुलांच्या डबा खाण्याच्या टोळक्यात येऊन आदळतात. बाहेर मोर्चे निघतात, दंगली होतात आणि वर्गात कोण कुणाशेजारी बसणार हे बदलतं. मुलांना त्याचं कारण कळत नाही, आपल्याला कळतं, आणि हसता हसता घसा दाटतो. मोकाशींनी त्याच वर्षी जानेवारीत आलेल्या ‘वाळवी’तही हसवता हसवता गळा आवळला होता. पण ‘वाळवी’ची गंमत कथेच्या वळणांत होती, इथली गंमत नजरेत आहे. दीड तासाचा चित्रपट, एक मिनिटही वाया नाही. शेवटाकडे तो अंमळ घाईनं सगळ्यांना मिठीत घ्यायला बघतो, एवढीच माझी तक्रार.

हा चित्रपट आठवी-नववीच्या मुलांनी बघायला हवा होता. शाळांनी न्यायला हवं होतं, आणि तसं काही ठरायचं तर शिक्षकांनी आधी बघायला हवा, मुख्याध्यापकांना सांगायला हवं, सहामाही परीक्षा संपायला हवी. 13 ऑक्टोबरला राष्ट्रीय चित्रपट दिन होता, देशभर 99 रुपयांत तिकीट. प्रदर्शनानंतर बरोबर आठव्या दिवशी चालून आलेली संधी! त्या दिवशी थिएटरं ओसंडत होती. पण माझ्या भागात ‘आत्मपॅम्फ्लेट’चा शो तोवर सकाळच्या दहाच्या आतबाहेर गेला होता. शुक्रवारी सकाळी दहाला शाळेतली मुलं आणि नोकरदार आईबाप कुठून येणार? शो रिकामा गेला, आणि रिकामा गेला म्हणून उतरवला.

दिवाळीत तर आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. 10 नोव्हेंबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी, ‘नाळ भाग 2’ आणि ‘श्यामची आई’ एकत्र आले. दोन्ही मुलांचे, दोन्ही आई आणि लेकरू या नात्याभोवतीचे, दोन्ही एकाच कुटुंबानं बघायचे. दोन दिवसांनी, लक्ष्मीपूजनाला, ‘टायगर 3’ आला. 15 तारखेला वानखेडेवर विश्वचषकाची उपांत्य लढत आणि 19 ला अहमदाबादला अंतिम सामना. त्या रविवारी भारतात कोण घराबाहेर पडणार होतं? दिवाळीचा पहिला रविवार लक्ष्मीपूजनाचा, दुसरा रविवार फायनलचा. म्हणजे या दोन चित्रपटांना मोकळा, निवांत असा एकही रविवार लाभला नाही.

‘नाळ’चा पहिला भाग 2018 सालचा. तिथं आपल्याला जन्म देणारी आई दुसरीच आहे हे कळलेला चैत्या दुसऱ्या भागात त्या आईच्या घरी जातो आणि तिथं त्याला बहीण-भाऊ भेटतात. सुधाकर रेड्डी यक्कंटी हे मुळात छायाचित्रणकार, त्यामुळे ते मुलांना सांगून अभिनय करून घेत नाहीत, मुलं काय करतील याची वाट बघत कॅमेरा धरतात. छोट्या चिमीचं रुसणं, चैत्याचं तिला जिंकायची धडपड करणं, त्यात मोठ्या माणसांचा अपराधभाव मागे कुठंतरी उभा. पहिल्या भागाइतका घाव हा भाग घालत नाही, तो अधिक मऊ आहे. पण त्रिशा ठोसरच्या चेहऱ्यावर कॅमेरा स्थिरावतो तेव्हा सगळं थिएटर श्वास रोखून बसतं, हे मी अनुभवलं आहे.

‘श्यामची आई’ करणं हे सुजय डहाके यांचं धाडसच. 1953 सालचा आचार्य अत्र्यांचा चित्रपट, त्याला मिळालेलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक, आणि वनमालाबाईंचा चेहरा मराठी मनावर कोरलेला. डहाके यांनी कृष्णधवल चित्रण निवडलं. काहींना ते जुन्याची नक्कल वाटलं. मला ते योग्य वाटलं, कारण रंगांत कोकण दाखवलं की हिरवळ सगळी गरिबी झाकून टाकते. इथं माडाच्या झावळ्या काळ्या, पाऊस करडा, आणि घरातलं दारिद्र्य उघडं. गौरी देशपांडे यांची आई रडवी नाही, ती करारी आहे, मुलाला पाण्यात ढकलणारी आहे. ओम भूतकर यांचे साने गुरुजी आणि तुरुंगातलं कथानक मात्र श्यामच्या बालपणाशी नीट सांधलं जात नाही. गुरुजींच्या राजकीय जीवनाला स्वतंत्र चित्रपट हवा. तरीही 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं पुस्तक आजच्या मुलांपर्यंत न्यायची ही तळमळ खरी होती.

‘सुभेदार’ आणि ‘झिम्मा 2’बद्दल थोडक्यात सांगतो. दिग्पाल लांजेकर यांच्या शिवकालीन चित्रपटांचा ठरलेला प्रेक्षक आहे, त्यांना सुरुवात मिळते. पण त्यांची मांडणी आता इतकी साचेबद्ध झाली आहे की तानाजीच्या बलिदानाचा प्रसंगही आधीच्या चित्रपटाची आठवण करून देतो. हेमंत ढोमे यांचा ‘झिम्मा’ 2021 साली पन्नास टक्के क्षमतेच्या थिएटरांत बायकांनी डोक्यावर घेतला होता. दुसरा भाग पहिल्याइतका ताजा नव्हता, निर्मिती सावंत आणि रिंकू राजगुरू यांचे सासू-सुनेचे प्रसंग मात्र जिवंत होते. 24 नोव्हेंबरला तो आला, बायकांचे गट पुन्हा जमू लागले, आणि 1 डिसेंबरला ‘अॅनिमल’ व ‘सॅम बहादूर’ आले. पुन्हा तेच, एक आठवडा.

आता यात पैशाचं गणित कसं बसवलेलं आहे ते बघू, कारण त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. 2009 साली निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा तंटा झाला, कित्येक आठवडे नवे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये लागले नाहीत. त्यातून जे वाटणीचं सूत्र ठरलं त्यानुसार कर वजा करून उरलेल्या उत्पन्नातला निर्मात्याच्या बाजूचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि त्यानंतर 30. हे सूत्र पहिल्याच आठवड्यात धो धो कमावणाऱ्या चित्रपटांना डोळ्यांपुढे ठेवून केलेलं आहे. समजा एका चित्रपटानं पहिल्या आठवड्यात 2 कोटी आणि दुसऱ्यात 1 कोटी मिळवले. निर्मात्याला आले 1 कोटी 42.5 लाख. दुसऱ्यानं उलट केलं, पहिल्यात 1 कोटी आणि लोकांनी एकमेकांना सांगितल्यावर दुसऱ्यात 2 कोटी. त्याला आले 1 कोटी 35 लाख. प्रेक्षक तेवढेच, तिकिटं तेवढीच, पण चित्रपट लोकांच्या शिफारशीवर चढला म्हणून निर्मात्याच्या हातात साडेसात लाख कमी. छोट्या मराठी चित्रपटाला साडेसात लाख म्हणजे जाहिरातीचा मोठा हिस्सा. शिवाय डिजिटल प्रक्षेपणाची फी, पोस्टर, प्रमोशनचा प्रवास हे सगळं त्यानं आधीच भरलेलं असतं.

यावर थिएटरवाल्यांचं म्हणणं असतं की रिकाम्या खुर्च्यांसाठी आम्ही एसी का चालवायचा? भाडं, वीज, पगार, देखभाल, सगळं दर शोला लागतं. हे म्हणणं खोटं नाही, त्यांनी धर्मादाय संस्था काढलेली नाही. पण या सूत्रात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्यांचा वाटा वाढतो, म्हणजे हळू चढणारा चित्रपट टिकवणं त्यांच्याच फायद्याचं आहे. मोठ्या हिंदी चित्रपटाची मंगळवारी दुपारी पंधरा तिकिटं जातात तेव्हा तो शो कुणी हलवत नाही, कारण पुढच्या मोठ्या चित्रपटासाठी त्या वितरकाशी संबंध ठेवायचे असतात. मराठी निर्माता बहुतेकदा एकटा असतो, त्याच्या हातात पुढचा चित्रपट नसतो, म्हणून त्याच्या पंधरा तिकिटांना किंमत नसते. सवाल धंद्याचा आहे तितकाच वजनाचाही आहे.

‘चित्रपट चांगला असेल तर चालतोच’ हेही वाक्य वारंवार ऐकू येतं. ‘बाईपण’ चालला, ‘सैराट’ चालला, मग तुमचे का नाही? ज्यांना पहिल्या तीन दिवसांत गर्दी खेचता आली त्यांची उदाहरणं देऊन, ज्यांना चौथ्या दिवसापासून लोक सापडणार होते त्यांचा निकाल लावता येत नाही. पूर्वी दादा कोंडक्यांच्या चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले, म्हणजे पंचवीस-पंचवीस आठवडे. यश आठवड्यांत मोजलं जायचं. मुंबईत भारतमाता, प्लाझा, पुण्यात प्रभात, अशी थिएटरं मराठी चित्रपट लावून धरायची, गर्दी ओसरली की मॅटिनीला न्यायची, तरी दारावर पाटी असायची आणि लोकांना ठाऊक असायचं की तो अमुक ठिकाणी लागलेला आहे. आज ॲप उघडल्याशिवाय कळत नाही आणि ॲपमध्ये बुधवारी रात्रीपर्यंत पुढच्या आठवड्याची वेळ दिसत नाही. सासू, नणंद आणि शेजारीण यांना घेऊन जाणाऱ्या बाईला बुधवारी रात्री कळून कसं चालेल?

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. 2015 च्या एप्रिलमध्ये मल्टिप्लेक्सनी संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवावेत असं जाहीर झालं, गदारोळ झाला आणि मग ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ताणली गेली. सगळं भांडण घड्याळाच्या काट्यांवर झालं. किती दिवस, हा प्रश्नच मागे राहिला. आंदोलनं होतात, काचा फुटतात, दोन दिवस शो वाढवून मिळतात आणि पुढच्या चित्रपटाच्या वेळी पहिले पाढे पंचावन्न. दबावानं मिळालेला शो प्रेक्षक आणत नाही, कारण तो उद्या असेल की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं.

निर्मात्यांनाही चार शब्द सुनावायला हवेत. 10 नोव्हेंबर 2023 ला जे झालं त्यातून आपण काही शिकलो का? 5 जानेवारी 2024 ला ‘ओले आले’, ‘पंचक’ आणि ‘सत्यशोधक’ एकाच शुक्रवारी आले. 12 सप्टेंबर 2025 ला पुन्हा तीन मराठी चित्रपट एकत्र, ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’. मराठीसाठी असलेले मोजके शो तिघांनी वाटून घ्यायचे आणि मग तिघांनीही हिंदीच्या नावानं बोटं मोडायची, हे बरं नाही. वर्षात बावन्न शुक्रवार आहेत. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळासारखी जुनी संस्था आपल्याकडे आहे. सहा महिने आधी तारखा नोंदवायच्या, एका शुक्रवारी दोनपेक्षा जास्त मराठी चित्रपट येऊ द्यायचे नाहीत, आणि सारख्या प्रेक्षकांचे दोन चित्रपट कधीच नाहीत, एवढा नियम आपापसांत पाळायला कुठल्या सरकारची परवानगी लागत नाही.

सरकारकडे मागायचं ते वेगळं. राज्य शासन दर्जेदार मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान देतं. हा पैसा चित्रपट बनवायला झालेला खर्च भरून काढायला उपयोगी पडतो, लोकांपर्यंत पोचण्यासाठी नाही. माझी मागणी अशी आहे की या योजनेला जोडून दुसऱ्या आठवड्याची हमी उभी करावी. प्रत्येक मोठ्या मल्टिप्लेक्सनं त्या त्या आठवड्यातल्या एका मराठी चित्रपटाला एकाच पडद्यावर, ठरलेल्या वेळेला, रोज दोन शो सलग चौदा दिवस द्यावेत. एक दुपारचा, एक संध्याकाळचा. वेळ मध्ये बदलायची नाही आणि चौदाही दिवसांचं बुकिंग पहिल्या दिवशीच उघडायचं. दुसऱ्या आठवड्यात एका किमान मर्यादेपेक्षा कमी तिकिटं गेली तर त्या शोचा तोटा अनुदानाच्या निधीतून भरून द्यावा. म्हणजे थिएटरवाल्यावर जुलूम नाही आणि निर्मात्यावर उपकार नाहीत. ज्या चित्रपटाची तिकिटं जातील त्याला सरकारचा एक रुपयाही लागणार नाही.

वाटणीच्या सूत्राबाबत मराठी निर्मात्यांनी एकत्र बसून मल्टिप्लेक्सशी बोलायला हवं. दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्यापेक्षा वाढली तर निर्मात्याचा वाटा 50 वरच राहावा, एवढीच साधी अट. वाढ झाली म्हणजे थिएटरचा गल्लाही वाढलेलाच असतो, पहिल्या आठवड्यापेक्षा त्यांच्या हातात कमी काही येत नाही. एकेकट्या निर्मात्याला हे कुणी देणार नाही, संघटनेनं मागितलं तर नाकारणं अवघड जाईल.

हे सगळं पाळलं जातंय का, हे तपासणार कोण, असं विचारलं जाईल. हल्ली प्रत्येक तिकीट संगणकावर कापलं जातं. कुठल्या पडद्यावर, किती वाजता, कुठला चित्रपट, किती खुर्च्या, हे सगळं त्याच क्षणी नोंदवलेलं असतं, निर्मात्याचा हिशेबही त्यावरूनच होतो. मराठी चित्रपटांपुरती ही नोंद जिल्ह्यागणिक दर महिन्याला जाहीर करावी. मग ‘शो दिले होते, लोकच आले नाहीत’ आणि ‘लोक यायला तयार होते, शोच दिले नाहीत’ या दोन वाक्यांपैकी खरं कुठलं, हे प्रत्येक चित्रपटाबाबत निराळं काढता येईल. काही वेळा उत्तर निर्मात्यांना बोचेल आणि काही वेळा थिएटरांना. पहिला अहवाल येत्या दिवाळीच्या हंगामाचा निघावा, कारण सगळ्यात जास्त मराठी घरं तेव्हाच एकत्र बाहेर पडतात आणि सगळ्यात जास्त मराठी शोही तेव्हाच कापले जातात.